बारदान वजा जाता

निजामाच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे नोकरी मागायला कुणी एकटा जात नसे. मुलाखत एकाची आणि बाहेरच्या बाकावर वऱ्हाड. बाप, मामा, गावचा पाटील, एखादा ओळखीचा कचेरीतला पेशकार. आत साहेब विचारणार, "तुम्ही कुणाचे?" आणि बाहेरून कुणीतरी घसा खाकरणार. या लाचार रिवाजाचा मला मनस्वी तिटकारा होता. हैदराबादेत उर्दूतून रसायन शिकून मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि नांदेडच्या एका शाळेत विज्ञानाच्या मास्तराची जागा निघाली होती. ती मला माझ्या अकलेवर हवी होती, दुसऱ्या कशावरही नाही.

वडील लातूरकडच्या मुरुडजवळ एका गावी शेती करत. ते म्हणाले, "एकटा जाऊ नको बाबा. मामाला संगं घे. लोक इचारतेत, कुणाचं पोरगं हाय म्हणून."

"मी माझाच हाय म्हणून सांगतो," असं म्हणून मी लातूरहून एकटाच मोटारीत बसलो. मामा बिलोलीला वकील होते आणि कुठेही नाक खुपसायला एका पायावर तयार असत. त्यांना मी कळवलंसुद्धा नाही.

शाळेच्या ओसरीत दुसरे उमेदवार आपापली वऱ्हाडं घेऊन आले होते. पानदानं उघडली होती, गावगप्पा रंगल्या होत्या. मी भिंतीला टेकून उभा. एका म्हाताऱ्याने माझी कीव करत विचारलं, "का हो, तुमचं कुणीच न्हाई का?" मी ताठ मानेनं नाही म्हणालो.

आत तिघे बसले होते. दोघांना विज्ञानातलं काही कळत नव्हतं. तिसरे हेडमास्तर. त्यांना आपल्याला कळतं असं वाटत होतं, आणि ते जास्त वाईट होतं. आज जिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा, तिच्याबद्दल त्यांनी विचारलं. ती वायूतल्या सुट्या अणूचीच का धरतात? मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांनीच दिलं, "वायू हलका असतो ना! हलक्यातून काढायला सोपं."

अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले असे विद्वान मी हैदराबादेतही पाहिले होते.

"चूक," मी म्हणालो. "घन पदार्थात अणू शेजाऱ्यांना चिकटलेला असतो. तिथे इलेक्ट्रॉन ओढायला गेलं तर शेजाऱ्यांची ओढही हिशेबात येते, अणूला त्यांच्यातून सोडवायलाही ऊर्जा लागते. आकडा येतो तो सगळ्या जमातीचा. वायूत अणू एकमेकांपासून लांब असतात. तिथेच कळतं, हा एकटा आपला इलेक्ट्रॉन किती घट्ट धरून आहे. लातूरच्या अडतीत तूर तोलताना बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करतात, तसंच हे."

हेडमास्तरांनी पानाचा विडा गालात सरकवला आणि मान हलवली.

पुढच्या आठवड्यात नेमणुकीचा हुकूम आला. मी गावभर मिरवलो. त्या वऱ्हाडांची नक्कल करून मित्रांना हसवलं. वडील नुसतं "बरं झालं" म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

रुजू झालो त्या सकाळी हेडमास्तरांनी चहा मागवला. "मामासाहेब बरे आहेत ना? मुलाखतीच्या आदल्या दिवशी खास बिलोलीहून आले होते. आमची जुनी दोस्ती. जागा तर तेव्हाच तुमची झाली. तुम्ही आत काय बोललात, खरं सांगतो, मला आठवतसुद्धा नाही." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "तुमचे वडीलही होते सोबत. आत या म्हटलं तरी आले नाहीत. दारातच हात जोडून उभे होते."

मला त्या माणसाची किळस आली, मामांचा संताप आला. चहा मात्र मी प्यालो. नोकरीही सोडली नाही. वडिलांना कधी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

निवृत्त होईपर्यंत तो धडा मी दरवर्षी शिकवला. शेजारी दूर केल्याशिवाय अणूची स्वतःची पकड कळत नाही, हे वाक्य मात्र फळ्याकडे तोंड करूनच म्हणायचो. बारदान वजा जाता मी किती भरतो, हे कुणी कधी तोललंच नाही.