दुधाच्या पिशवीतलं झाड

झाडांवर इतका जीव असलेला आणि तरीही इतकी झाडं उपटलेला माणूस आख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. हे आमचे थोरले भाऊजी. अमरावतीच्या कडेला एक जुना कचरा डेपो होता. तो बंद झाला, त्यावर मातीचा जाड थर पडला, गवत पेरलं, आतला गॅस निघून जावा म्हणून जागोजागी पाइप उभे केले आणि त्या टेकडीची देखरेख भाऊजींच्या नोकरीत आली. ताईचं घर तिथून जवळच. डेपो चालू असताना कचरा आतल्या आत धुमसायचा आणि ताई दम्यानं उशीला टेकून बसून राहायची. मातीला भेग पडली की आत हवा जाते आणि कचरा पुन्हा पेटू शकतो, एवढं एकच भय भाऊजींनी उरलेला जन्म बाळगलं.

त्या टेकडीवर ते आवाज चढवून बोलत नसत. मी एकदा मोठ्यानं हसलो तर म्हणाले, "हयू बोल. आत्ता कुठं निजली हाये ते आतली आग." प्रत्येक पाइपाशी थांबून हुंगायचे. उन्हाळ्यात आपली काळी माती तडकते, तेव्हा तर हे खुरपं घेऊन दिवसभर भेगा बुजवत बसत. ताई दारातून म्हणायची, "माया टाचा फुटल्या, त्या ह्यायले कधी दिसल्या नाई." भाऊजी ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि संध्याकाळी मुकाट्यानं तिच्यासाठी मलम आणत.

झाडांची मुळं खोल जाऊन थर फोडतात, म्हणून टेकडीवर गवत चालेल, झाड नाही. पण पाखरांना हे कोण सांगणार? कुठं कडुनिंब उगवे, कुठं पिंपळ. भाऊजी रोप मुळासकट अलगद काढत, पण फेकायला त्यांचा हात धजत नसे. दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती भरून ते घरी आणत आणि मग सापडेल त्या नातेवाइकाच्या गळ्यात मारत. अकोल्याला माझ्या अंगणात पिंपळ आहे, तो त्यातलाच. बायको अजून कुरकुरते. आमच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पुण्याच्या व्याह्यांच्या हातात चिंचेचं रोप ठेवलं आणि कौतुकानं सांगितलं, "आमच्या टेकडीवरचं हाये." टेकडी कशाची, ते मी व्याह्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

एकदा एक पुढारी वाजतगाजत टेकडीवर वड लावायला आले. ताईचा चेहरा उतरला. भाऊजी मात्र वाद घालायला गेलेच नाहीत. त्यांनी माती भरलेला, रंगवलेला मोठा ड्रम मांडला, हार घातला आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमच्या हातचं झाड हाये, त्याले घर पायजेच." साहेब खूश, फोटो झाले. पुढच्याच आठवड्यात तो वड ड्रमसकट अंजनगावला आमच्या काकांच्या बांधावर जाऊन पोचला. आज त्याच्याखाली बैल बसतात.

भाऊजी गेले त्याला फार दिवस झाले नाहीत, पण मला अजून अमरावतीला जावंसं वाटत नाही. परवा गेलो. ताई खिडक्या सताड उघड्या टाकून निवांत झोपली होती. उठल्यावर म्हणाली, "चाल, टेकडीवर जाऊन येऊ."

टेकडीवर नुसतं गवत डोलत होतं. भाऊजींनी भर उन्हात राखलेल्या त्या जागेवर त्यांना कधी सावली मिळाली नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं. ताई पुढं चालता चालता थांबली. पायाशी कडुनिंबाचं कोवळं रोप होतं. ती गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू वाकली, बोटांनी माती सैल करून तिनं ते मुळासकट काढलं आणि उकरलेली जागा तळहातानं दाबून दाबून बुजवली. मग तिनं पर्स उघडली. आत दुधाची पिशवी होती, धुऊन घडी घातलेली.

"तुयाकडं जागा हाये का रे?" तिनं विचारलं.

माझ्या अंगणात आता तुळशीलाही जागा नाही. मी म्हणालो, "आहे ना ताई. आण इकडं."