बोट चुकल्यास

माझ्या हातून गेलेला एकही क्लेम कंपनीने परत पाठवलेला नाही, असं मी बावीस वर्षं छाती पुढे काढून सांगत होतो. आता ते सांगता येत नाही. ज्या बाईमुळे येत नाही, तिचा मला राग येत नाही हेच नवल. नाहीतर मला राग यायला फारसं काही लागत नाही. पेनाचं टोपण सापडलं नाही तरी पुरतं.

आमच्या इमारतीत खाली झेरॉक्सचं दुकान, वर माझं विम्याचं ऑफिस, म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कपाट, जे उघडलं की ऑफिसचं दार उघडत नाही. मधे जिन्याच्या वळणावर शिलाई मशीन मांडून आल्टरकाकू. नवे कपडे त्या शिवत नाहीत. लोकांचे ढिले घट्ट करायचे, घट्ट ढिले करायचे, लांब आखूड करायचे, एवढंच. म्हणून आल्टरकाकू. खरं नाव मला फॉर्म भरेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि अठरा वर्षं मी त्यांच्या मशीनला वळसा घालून रोज वर जात होतो.

गिऱ्हाइकाने कपडा पुढे केला की काकू आधी तो उलटा करायच्या. "आत माया किती सोडलीय ते बघू दे." शिवणीच्या आत कापड शिल्लक असेल तर काम घ्यायच्या, नसेल तर तिथल्या तिथे परत. "शिवणाऱ्याने हात आखडता घेतलाय, त्याला मी काय करू? पोट कमी कर." असं मलाही एकदा सांगितलंय, भर जिन्यात, दोन माणसांच्या देखत.

एका दुपारी त्या गळ्यातली टेप न काढताच वर आल्या.

"विमेवाल्या, बोटीचा विमा काढतोस का?"

"बोट कुणाची?"

"माझी कुठली मेली बोट! मी बसणार आहे बोटीत. अकरा दिवस."

मी हसलो. हसायला नको होतं.

झालं होतं असं. झेरॉक्सवाल्याकडचे फुकट गेलेले कागद काकू तयार कपडे गुंडाळायला आणायच्या. त्यात कुठल्याशा क्रूझची जाहिरात होती. कुणाची तरी पँट गुंडाळता गुंडाळता काकूंनी बंदरांची यादी वाचली. चौथं नाव वाचलं, पँट सोडली, कागद घडी करून ब्लाऊजमधे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिकीट काढून आल्या. पोराला नंतर सांगितलं. तो गॅरेजमधे काम करतो, पस्तिशीचा, शांत. त्याने एकच अट घातली: विमा सगळ्यांत महागातला घ्यायचा.

मी तीन पॉलिसींची पत्रकं टेबलावर मांडली आणि तोंडाचा पट्टा सोडला. पहिली म्हणजे राजेशाही, भर समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलून दवाखान्यात नेणार. दुसरी मधली. तिसरी स्वस्तातली, पण सामान हरवलं तर चांगली. काकूंनी तिन्ही पत्रकं पालथी घातली आणि शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली.

"काकू, ते कुणी वाचत नाही."

"आतली बाजू ना ही? मग हीच बघायची असते."

पत्रकं घेऊन गेल्या. दोन दिवसांनी आल्या तेव्हा त्यात टाचण्या होत्या. कपडा जिथे बदलायचा तिथे टाचणी लावायची सवय. तशा जिथे शंका तिथे त्यांनी टाचण्या लावल्या होत्या. मी कागद उचलायला गेलो आणि बोटाला टोचलं. ओरडलोच. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"ही पहिली. 'ठरलेल्या बंदरात बोट न थांबल्यास भरपाई.' म्हणजे काय?"

"वारा फार असला तर कप्तान बोट धक्क्याला लावत नाही. मग कंपनी तुम्हाला पैसे देते."

"पैसे घेऊन मी काय करू? दुसऱ्या बोटीने नेतील का तिथे?"

"नाही."

"मग ठेव बाजूला." टाचणी काढून त्यांनी पदराला लावली. "ही दुसरी. 'पार्थिव मायदेशी परत आणणे.' हे तिन्हीत आहे?"

"तिन्हीत आहे. पण तुम्ही कशाला असलं अभद्र बोलता? तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून जाल."

"माझं नाही रे विचारत. पूर्वी नसायचं का हे?"

मी कपाळावर आठी घालून वर बघितलं. काकूंचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलतानाचा कडकपणा त्यात नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. नवरा बोटीवर कामाला. प्रवाशांच्या चादरी, टॉवेल, साहेबांचे गणवेश, सगळं धुऊन इस्त्री करायचं. काम अगदी खाली, जिथे खिडकी नसते. नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी. "घरी असला की वेळ जायचा कुठे कळायचं नाही. आणि निघायच्या दिवशी टॅक्सीचा हॉर्न वाजला की उठायचा. जेवत असला तरी उठायचा. अर्धं ताट तसंच. पोराला घेऊन बसला असला तरी खाली ठेवून उठायचा. बोट चुकेल, बोट चुकेल. माझ्या डोक्यात ते शब्द जाऊन बसलेत."

दर वेळी म्हणायचा, ही शेवटची खेप. एका वर्षी खरंच ठरलं. घराजवळ इस्त्रीच्या दुकानाला जागा बघितली, पाटी रंगवायला टाकली. आणि कंपनीचा निरोप आला, माणूस कमी आहे, एवढी खेप कर. तो गेला. काकू दारापर्यंतही गेल्या नाहीत. आतल्या खोलीत पाठ करून मशीन चालवत बसल्या. तो दारातून दोनदा हाक मारून गेला.

चार महिन्यांनी शेजारच्यांच्या फोनवर कंपनीचा माणूस. नवरा इस्त्री करता करता कोसळला आणि तिथेच वारला होता. बोट जाहिरातीतल्या त्याच चौथ्या बंदराला लागणार होती. तो माणूस विचारत होता, आणायचं की तिथेच पुरायचं? आणायला तीन आठवडे लागतील. संध्याकाळपर्यंत सांगा.

"मी म्हटलं, ठेवा तिकडेच. त्याला तिकडेच गोड वाटतं ना, मग राहू दे तिकडेच." काकूंनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सगळे म्हणाले धक्क्याने बोलतेय. धक्क्याने नव्हते रे बोलत. रागाने बोलले. सकाळी राग उतरला, फोन केला, तोवर पुरलं होतं. मग एक फोटो आला. टेकडी, दगडाची भिंत आणि एक नंबर."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"एकतीस वर्षं झाली. एकही दिवस असा नाही की मनात त्याच्याशी बोलले नाही. पण ते इथून बोलणं. त्याला ऐकू जातं की नाही कुणास ठाऊक. एकदा जवळ बसून बोलायचंय मला. फार वाटतं रे. मशीनवर बसले असले तरी वाटतं." मग लगेच नाक ओढून, "ही तिसरी टाचणी. हीच खरी."

तिसरी टाचणी होती 'बोट चुकल्यास' या कलमावर. प्रवासी किनाऱ्यावर राहिला आणि बोट सुटली तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायचा खर्च.

काकूंनी सगळा हिशोब बोटांवर केला होता. बोट तिथे सहा तास थांबणार. उतरायला तास जाणार. टेकडीवर जायला पाऊण तास, यायला पाऊण. सुटायच्या आधी तासभर परत हजर राहायचं. "उरले अडीच तास. एकतीस वर्षांचं बोलायचंय, अडीच तासांत कसं बसवू? म्हणून विचारते. बोट चुकली तर हे लोक पोचवतात ना?"

"पोचवतात. पण कारण लागतं. गाडी बंद पडली, अपघात झाला, रस्ता बंद होता, तुम्ही आजारी पडलात."

"आणि बोलता बोलता वेळेचं भान राहिलं नाही तर?"

"ते बसत नाही, काकू."

"कुठल्याच पॉलिसीत?"

"कुठल्याच."

त्यांनी तिन्ही पत्रकं नीट एकावर एक रचली, कडा जुळवल्या. मला कधी नव्हे ते माझ्याच धंद्याची चीड आली. म्हटलं, "हे बघा, तशी वेळ आलीच तर टॅक्सी बंद पडली म्हणून सांगायचं. टॅक्सीवाल्याकडून दोन ओळी लिहून आणा. बाकी मी बघतो. कोण जातंय तिथे टेकडी चढून विचारायला?"

हे आमच्याकडे चालतं. मी त्याला खोटं म्हणत नाही, फॉर्म भरणं म्हणतो. पण काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आतून काहीच कापड न सोडलेली पँट घेऊन आलोय.

शेवटी मधली पॉलिसी घेतली. हेलिकॉप्टर त्यात नव्हतं, पण पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च सगळ्यांत जास्त होता. सही जिथे करायची तिथे मी नेहमीप्रमाणे पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या.

पोरगा दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून तसाच आला. हात काळे, म्हणून कागदांना हात लावेना. "दादा, तिला हेलिकॉप्टरवाली का नाही दिलीत?"

"तिने घेतली नाही. तुझ्या आईला मी काही द्यायचं असतं का?"

तो उभाच राहिला. मग दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाला, "मी चार वर्षांचा होतो. बाबा हात हलवून गेले, तेवढंच आठवतं. आता ही त्याच गावाला चाललीय. परत येईल ना ती?"

"येणार. मी सांगतो ना," मी खेकसलो. खेकसल्याशिवाय मला ते सांगता आलं नसतं.

काकू गेल्या. जिन्याच्या वळणावर मशीनवर चादर. लोक पँटी घेऊन यायचे आणि मला विचारायचे. पहिल्यांदा शांतपणे सांगितलं, मग दारावर कागद चिकटवला, मग कागद असूनही विचारणाऱ्यांवर ओरडलो. रोज जिना चढताना सवयीने वळसा घालत होतो.

सातव्या दिवशी पोराचा फोन. "दादा, बोटीवरून कळवलंय. आई बोटीवर परत आली नाही. बोट सुटली."

बोटीच्या ऑफिसला फोन, कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन. तिथली मुलगी गोड आवाजात थांबायला सांगून गाणं लावायची. तिच्यावर मी एवढा ओरडलो की झेरॉक्सवाला वर आला. पोरगा समोरच्या खुर्चीत बसून होता, हात मांडीखाली दाबून. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला: बाई सुखरूप, सकाळच्या छोट्या बोटीने पुढच्या बंदरावर पोचल्या, बोटीवरच्या आपल्या खोलीत झोपल्यात. पोरगा माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडला. रडू दिलं. मीही कपाट उघडून उगाच त्यात तोंड घालून उभा राहिलो.

आठवड्याने काकू वर आल्या. रापल्या होत्या. हातात पावत्या, टाचणी लावलेल्या.

मी क्लेमचा फॉर्म काढला. नाव, पॉलिसी नंबर, बंदर, तारीख. मग आला तो रकाना: बोट चुकण्याचं कारण.

"टॅक्सी बिघडली होती," मी लिहायला लागलो.

"नव्हती बिघडली."

"काकू..."

"चांगला होता बिचारा टॅक्सीवाला. वेळ झाली तसा खालून हॉर्न वाजवला. मग वर येऊन घड्याळ दाखवून गेला. मग परत हॉर्न. तीनदा वाजवला."

"आणि तुम्हाला ऐकू आला नाही?"

"आला की. तिन्ही वेळा आला."

मी पेन खाली ठेवलं. "मग उठला का नाहीत? पोराचा जीव टांगणीला, माझा जीव टांगणीला! अडीच तास पुरले नाहीत का?"

"पुरले," काकू म्हणाल्या. "बोलणं तर अर्ध्या तासात संपलं. क्षमा मागितली, पोराचं सांगितलं, दुकानाची पाटी अजून माळ्यावर आहे ते सांगितलं. मग नुसतीच बसले होते. आणि हॉर्न वाजला." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होत्या. "दर वेळी हॉर्न वाजला की तो उठून जायचा रे. मी मागे बसून राहायची. म्हटलं, या वेळी जाऊ दे बोटीला. आज कुणी उठायचं नाही."

खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. मी फॉर्म पुढे ओढला. मग 'टॅक्सी बिघडली' वर रेघ मारली. रकाना अर्ध्या ओळीचा. त्यात बारीक अक्षरात लिहिलं: नवऱ्याजवळ बसले होते, उठले नाही.

सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी आधी पालथा करून मागची बाजू वाचली, मग सुलटा करून माझी ओळ वाचली, आणि सही केली.

क्लेम परत आला. त्या ओळीखाली कुणीतरी लाल पेनाने लिहिलंय, 'कारण ग्राह्य नाही'. मी तो टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.