उपाशी वाफ्यातला गहू

आमच्या वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. मी अकोल्याला शेतकी कॉलेजात पीएच.डी. करत होते. पातूरजवळच्या मामाच्या घरी पोचले की पन्नाशीचा तो माणूस आधी वाकायचा, मग पाणी विचारायचा; निघतानाही वाकायचा. मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

म्हणूनच प्रयोगासाठी त्याचं शेत मागितलं. गव्हाचे बारा वाण, प्रत्येकाचे दोन वाफे. एकाला युरिया, दुसऱ्याला काहीच नाही. त्या दुसऱ्याला मी उपाशी वाफा म्हणायचे. माती तीच, पाणी तेच, तरी एखादा वाण थोडक्या नत्रात दाणा भरतो आणि एखादा नुसताच कुरकुरतो. हे त्याच्या रक्तात असतं. ते रक्त मला शोधायचं होतं.

अकरा वाण कॉलेजातले. बारावा बन्सी गहू, माझ्या आईचा. तिनं ते बी राखेत घोळून डब्यात जपलं होतं. ती गेली तेव्हा डबा माझ्याकडे आला. प्रयोगात जीव गुंतवायचा नसतो हे मला शिकवलं होतं. मी गुंतवला.

दर रविवारी एसटीनं जायचे, पानांचा रंग हिरव्या छटांच्या पट्टीशी ताडून वहीत लिहायचे. शेवटच्या रकान्यात मामा सही करायचा, की या आठवड्यात उपाशी वाफ्यांत काही टाकलं नाही. जानेवारीत अकरा उपाशी वाफे कमी-जास्त पिवळे पडले. आईचा गहू मात्र हिरवागार.

"मामा, काही टाकलं तर नाही ना?"

"तुही आन, पोरी! मी काहून टाकू?"

मी नाचायचीच बाकी होते. काढणीनंतर अमरावतीला गहू-संशोधकांच्या बैठकीत, सगळ्या जाणत्या लोकांसमोर, माझ्या आईचा गहू उपाशीपोटी दाणा भरतो असं छाती फुगवून सांगून आले. कॉलेजातल्या, सात नंबरच्या पाटीच्या वाणानं उपाशी वाफ्यात पिवळट पानांनिशी बऱ्यापैकी ओंब्या भरल्या होत्या. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तोच बन्सी कॉलेजच्या शेतात पेरला, बिनखताचा. सगळ्यांआधी पिवळा पडला. मी दोन दिवस पट्टी फिरवत बसले, मग पातूरची एसटी धरली.

मामा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता. मी काही विचारायच्या आतच त्यानं माझा चेहरा वाचला.

"टाकला," तो म्हणाला. "युरिया तांब्यात कालवून, बुडाशी. दर मंगळवारी."

"माझी आण घेतली होतीस तू!"

"माह्या बहिणीच्या हातचं बी होतं ते. तिले उपाशी ठेवू? सारं गाव रस्त्यावरून पायते. मले नाई जमलं." मग हळूच म्हणाला, "अन् तुले तरी ते पिवळं पायजे होतं काय?"

नको होतं, आणि त्याचाच जास्त संताप आला. परका असता तर मी त्याच्या वाफ्यातली माती तपासली असती. याच्या सहीवर मी माझी दोन वर्षं टाकली होती. आता अमरावतीला जाऊन त्याच लोकांना सांगायचं होतं, की मी बोलले ते खोटं होतं. माझ्या आईचं नाव घेऊन यानं मला खोटं पाडलं होतं. आणि आईचा गहू खरोखर कसा होता, ते मला त्याच्याच शेतात, त्याच साली कळलं असतं.

मी पाणीही न पिता उठले. नेहमीप्रमाणे मामा वाकला.

मी पाय मागे घेतले.

त्याचा हात मातीला लागला. त्यानं ती मातीच कपाळाला लावली आणि खाली मान घालून पुन्हा शेंगा सोलायला बसला.