उतरलेला सूर

दुष्काळानंतर नवी पेठेतलं माझं कापडाचं दुकान सावरलं, मी मात्र आतून खचलेलाच होतो. लहानपणी थोरल्या भावानं मला पेटीच्या शिकवणीतून उठवून दुकानाच्या गादीवर बसवलं होतं. "तुला कानच नाही," म्हणाला होता. त्याचा राग माझ्या मनातून कधी गेला नाही, पण त्याचं म्हणणं मी खरं मानत आलो.

एक म्हातारी नवऱ्यामागे राहिलेली पेटी विकतेय असं कळलं, तेव्हा घरी न सांगता गेलो. आधी खोट काढायची, मग भाव पाडायचा, ही माझी रीत. भाता ओढून पट्ट्या दाबल्या आणि खेकसलो, "हा मधला सूर उतरलाय. कोण घेणार असली पेटी?"

म्हातारी चिडली नाही. "व्हय की! मालकांस्नी बी त्योच खुपायचा. इतकी गिऱ्हाइकं आली, कुणाला कळलं न्हाई."

मी तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिलो.

"घेताय का न्हाई?" तिनं विचारलं.

"घेतो. पण आधी जरा वाजवू द्या."

मी पुन्हा भाता ओढला. मला येत होतं ते नुसतं सारेगम.