डाव्या चाकातली चिंधी

मी एकदा ट्रॅक्टरला बैलगाडी समजले. आमच्या लहान ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी, एरंडीच्या तेलात भिजवून, स्वतःच्या हातानं कोंबली. आणि वर तोंड बंद ठेवलं.

तेव्हा मी तरणीताठी होते, म्हणजे बासष्टची. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे पाहिलं की वाटतं, हिला घरात एकटं सोडायला नको होतं.

आमचा ट्रॅक्टर कपाशीच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच. मागच्या दोन चाकांच्या मधे त्याची लोखंडी पेटी असते. गिअर तिच्यातच, चाकं फिरवणारे आसही तिच्यातूनच निघतात, आणि सगळं तेलात बुडालेलं. मिस्त्री लोक तिला हौजिंग म्हणतात. तर डाव्या चाकाच्या आतून तेल झिरपायला लागलं. मुलगा म्हणाला, तेल अडवणारी रबरी कडी, ऑइल सील, फाटलंय, धाड गावच्या बाजाराच्या दिवशी नवं आणू. पाडवा ते पाडवा सालानं ठेवलेल्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या आमच्या सालदाराला त्यानं बजावलं, तोवर रोज सकाळी तेल पाहायचं, कमी दिसलं की भरायचं.

मला हसू आलं. माझ्या बापाच्या गाडीचं चाक कधी कुरकुरलं नव्हतं. आसाला तेलाची चिंधी गुंडाळायची, की झालं. दुपारी सगळे आडवे झालेले पाहून मी चाकाखाली शिरले आणि तेल झिरपत होतं त्या फटीत पेचकसानं चिंधी ठोसून ठोसून बसवली. थेंब थांबला. मी स्वतःवर इतकी खूष झाले, की त्या दिवशीच्या चहात साखर दुप्पट पडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओळींमधलं गवत काढायची डवरणी चालू असताना चाक करकरलं आणि जाम झालं. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं आमचा ओढत अंगणात आणला. कपाशीत गवत गुडघ्याला लागत होतं, मुलाचं डोकं फिरलेलं.

"तुले रोज तेल पाहाले सांगतलं होतं न बे?"

सालदार त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. नऊ वर्षं आमच्याकडे. तो खाली पाहत म्हणाला, "पाह्यलं भाऊ. रोज पाह्यलं."

"मंग चाक काऊन जाम झालं? उद्या मी सोताच खोलतो. आत गिअर घासलेले निघाले, तं तुहं साल इथंच संपलं. पाडव्याची वाट नोको पाहू."

मी ओसरीवर शेंगा सोलत होते. चिंधी जिभेवर आली होती. बाहेर पडलं ते भलतंच: "हात धुवा, चहा ठेवते." सालदार चहा न घेता गेला.

सकाळी मुलानं जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे सरकवले आणि डावं चाक काढलं. बुलढाण्याचा मिस्त्री दोन दिवस येणार नव्हता, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाहून काम चाललेलं. काढलेले नट क्रमानं मांडायला त्यानं दोरीवरचं फडकं ओढून अंथरलं. ते त्याच लुगड्याचं उरलेलं अर्धं. हिरवं, जांभळ्या काठाचं. एकेक नट त्या काठावर बसत होता आणि मी ओसरीवर शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

पेटीखाली घमेलं ठेवून त्यानं तळाचा नट सैल केला. तेल आलं ते राखाडी. बोटावर चोळून त्यानं उन्हात धरलं. चमचम करत होतं.

"लोखंड," तो म्हणाला. "घासलं."

"तेल तं भरपूर निघालं न भाऊ," सालदार हळूच बोलला. खरंच घमेलं भरत आलं होतं. एवढं तेल असलेली पेटी कोरडी कशी घासेल? मुलानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रागाला एकदा माणूस सापडला की तो सोडत नाही.

आस बाहेर ओढला. त्याच्यामागून बेअरिंगच्या फुटक्या गोळ्या एकेक करत घमेल्यात पडल्या. टण्. टण्. मुलाचा हात आत जाईना, म्हणून सालदारानं कोपरापर्यंत हात घातला. चाचपला. थांबला. मूठ बाहेर आली ती मिटलेली. बोटांच्या फटीतून जांभळा काठ मला ओसरीवरून दिसला. त्यालाही दिसला असणार. त्यानं अंथरलेल्या फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मूठ खिशात घातली.

"काय निघालं?"

"काई नाही भाऊ. कचरा."

"मंग तुहीच चूक. घरी जाय तू."

तो उठला. हात डिझेलमध्ये धुतले, अंगावरच पुसले. त्या फडक्याला शिवला नाही. चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला. मी तोवर सुपातल्या शेंगा चिवडत होते! काय बाई होती ती! माणूस आपल्यासाठी काम सोडून चाललाय आणि हिला सुनेसमोर आपली पत कशी राहील याचा घोर.

तो कडी काढत होता तेव्हा सूप माझ्या मांडीवरून कलंडलं. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"थांब," मी ओरडले. "खिशातलं दाखव त्याले."

तो हलला नाही. मग मीच गेले, त्याच्या खिशात हात घातला आणि ती काळी, पिळलेली चिंधी मुलाच्या फडक्यावर, बरोबर काठाला काठ लावून ठेवली.

मुलानं चिंधी उलटून पाहिली. "आई, हे तू...?"

"मी. बैलगाडीसारखं. तेल थांबलं होतं पण."

दारातली सून हसू दाबत, पदर तोंडाशी धरून आत पळाली. मुलगा सालदाराला "या, बसा" म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा अहो-जाहो. पुढे दोघांनी मिळून पेटी डिझेलनं तीनदा धुतली, लोहचुंबक फिरवून कीस काढला. चिंधी आत ओढली जाऊन बेअरिंगच फुटलं होतं, गिअरचे दात शाबूत होते. धाडहून बेअरिंग आणि सील आणलं, गिअरचं नव्वद नंबरचं तेल भरलं. संध्याकाळी चाक फिरलं, आवाज न करता.

मी चहा घेऊन गेले. या वेळी त्यानं घेतला. मला वाटलं, आता हा माझे आभार मानणार. मी तसा चेहराही करून उभी राहिले. त्यानं कप रिकामा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला:

"काकू, तुमी बोल्ल्या ते चांगलंच केलं. पण हेच काल बोल्ल्या असत्या, तं माह्या घरची चार माणसं काल जेवून झोपली असती."