बोरीची पट्टी आणि ऑबरी लेथब्रिजचा एक चेंडू

परभणीला निघालो तेव्हा बायकोने विचारलं, "तिथे कोण आहे तुमचं?" मी म्हणालो, "वेस्ट इंडीजचा एक ऑफस्पिनर." तिने डब्यात दोन दशम्या जास्त घातल्या. माझं डोकं ठिकाणावर नाही अशी शंका आली की ती नेहमी जास्त खायला देते.

विसरल्या गेलेल्या क्रिकेटपटूंवर मी एका साप्ताहिकात सदर लिहितो. ते वाचणारेही आता विसरत चालले आहेत, पण ते असो. ऑबरी लेथब्रिज हे नाव माझ्या वहीत बरीच वर्षं पडून होतं. सेंट व्हिन्सेंट नावाच्या चिमुकल्या बेटावरचा हा गोलंदाज. एका सामन्यात त्याने समोरच्या संघाची दाणादाण उडवली, त्या जोरावर कसोटी संघात गेला आणि चार दिवसांत दिसेनासा झाला. हा माणूस परभणीत आहे असं एका ओळखीच्या प्राध्यापकांनी फोनवर सांगितलं. त्याची मुलगी मारिसा ज्वारीच्या अभ्यासासाठी कृषी विद्यापीठात आली होती आणि बाप घरी एकटा नको म्हणून त्यालाही घेऊन आली होती.

सकाळी गाडीतून उतरलो तर हवेत चांगलाच गारठा होता. रिक्षावाल्याने "जगात जर्मनी, भारतात परभणी" हे ऐकवलंच. स्टेशनाबाहेर पडणाऱ्या पाहुण्याला ते ऐकून घ्यावं लागतं. विश्रामगृहाच्या अंगणात एक उंच म्हातारा गवती टोपी घालून उकिडवा बसला होता आणि खिशातल्या किल्लीने फुलझाडाखालची काळी माती उकरून बघत होता.

मी ओळख करून दिली.

"लिहिणारे? म्हणजे त्या एका सामन्याबद्दलच विचारणार."

"हो."

"चहा घ्या," तो म्हणाला आणि मातीकडे वळला. चहा तीन वेळा झाला. सामन्याचा स पण निघाला नाही.

चौथा चहा टळला तो सतीशमुळे. हा जिंतूर तालुक्यातल्या बोरी गावच्या टीमचा कप्तान, तिशीच्या आतला, बोलायला चटपटीत. विद्यापीठातल्या एका गाववाल्याकडून त्याला पाहुण्याची खबर लागली होती. दारात त्याचा पिकअप उभा होता आणि मागे सिमेंटची पोती.

"सायेब, आमच्या गावात किरकेटच्या पट्टीवरून लय बेजारी झालीय," तो मला म्हणाला. "मातीची पट्टी हाय, भेगा पडायल्यात. भायेरच्या टीमा येईनात. आमी शिमीट टाकायचं ठरवलं, तर गंगाधरआबा पट्टीवर घोंगडं टाकून बसलेत. उठंनात."

"मग?"

"मग काय, ठरलं. वेस्ट इंडीजचे पाव्हणे म्हणतील ते दोगांलाबी कबूल. ते माती म्हणले तर माती, शिमीट म्हणले तर आजच वततो."

मी भाषांतर केलं. लेथब्रिज किल्ली पुसत उठला. माझ्या सामन्यासाठी तो जागचा हलला नव्हता, पण पट्टी म्हटल्यावर माझ्याआधी गाडीत जाऊन बसला.

पुढे दोघांचीच जागा होती. मी मागे सिमेंटवर. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, पाखरं हाकायला मचाणावर बाया उभ्या. दृश्य सुरेख होतं, पण डोळे उघडे ठेवले तर सिमेंट जात होतं आणि मिटले तर खड्डा कळत नव्हता. बोरीला उतरलो तेव्हा मी पिठाच्या गिरणीतून पळून आल्यासारखा दिसत होतो. एका आजीबाईंनी पाहुण्याच्या आधी मलाच पाणी दिलं, बहुतेक कीव येऊन.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं पडीक रान. मधोमध पट्टी, पट्टीवर घोंगडं आणि घोंगड्यावर पंचाहत्तरीचे गंगाधरआबा. आयुष्यभर त्यांनी गावाची खळी केली. (खळं म्हणजे मळणीसाठी ठोकून, सारवून घट्ट केलेली जमीन.) त्यांच्या खळ्यावर पडलेला दाणा मातीत जात नाही, अशी त्यांची ख्याती. मग मळणीयंत्रं आली आणि खळी गेली.

"मशीन आल्यापसून मला कुनी इचारीत न्हवतं," आबा म्हणाले. "मग ह्या पोराच्या बापानं म्हणलं, पट्टी करून द्या. माती चाळली, शेण कालवलं, पाणी मारलं, धुमसानं (जमीन ठोकायच्या लाकडी ठोकळ्याने) चार दिस ठोकली. वीस वर्षं मीच बगायलोय हिच्याकडं. ही गेली की मी काय करू? ओट्यावर बसून माशा मारू?"

सतीश पायाने ढेकूळ फोडू लागला. त्यालाही ते बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

लेथब्रिज गुडघ्यावर बसला. अंगठ्याने पट्टी दाबली, किल्लीने टोकरली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली. आबांनीही एक चिमूट तोंडात टाकली. दोघे माना हलवू लागले. मला भाषांतराला काही कामच राहिलं नाही.

मग काय झालं कोण जाणे, मला तीन चहांत न सांगितलेलं सगळं तो आबांना सांगू लागला आणि मी निमूट मराठी करत बसलो.

त्याचा बाप बेटावरच्या मैदानाचा माळी होता. पोरगा रोलर ओढत मोठा झाला, रोलर ओढून झाला की गोलंदाजी करायचा. तो गाजलेला सामना बापाच्याच पट्टीवर झाला. सगळं बेट नाचलं. आठवड्याने कुजबुज सुरू झाली की बापाने पोरासाठी एक टोक ओलं ठेवलं. क्रिकेट मंडळाच्या लोकांनी बापाला चारचौघांत विचारलं. बापाने टोपी काढली आणि सांगितलं, "मुद्दाम नाही साहेब, पण आच्छादन गळलं होतं. ते टोक ओलं होतं. तिथे कुणीही बळी घेतले असते."

"कुणीही," लेथब्रिज पुन्हा म्हणाला. "त्यानंतर कसोटीत मला बळी मिळेना तेव्हा सगळे तेच म्हणाले. मी खेळ सोडला. पुढे त्याच मैदानाचा माळी झालो, पण बापाशी सात वर्षं बोललो नाही. सात वर्षांनी तो गेला."

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी रुमालाने तोंड पुसून घेतलं. सिमेंटचं निमित्त होतं म्हणून बरं.

"बॉल पडल्याबिगर पट्टी कशी कळंल?" सतीशने वातावरण हलकं करायला बॅट उचलली. लेथब्रिजने कोटाच्या खिशातून लाल चेंडू काढला. चेंडू खिशात घेऊन फिरणारा सत्तरीचा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मला पंच म्हणून उभं केलं. एकच चेंडू, असं ठरलं. आबा बाजूला बसले, घोंगडं हातात घट्ट धरून.

लेथब्रिज चार पावलं चालला. धाव नव्हतीच. हात वर गेला, बोटांचा चटकन आवाज आला, चेंडू सतीशच्या डोळ्यांवर तरंगला, ऑफच्या बाहेर पडला आणि हातभर आत वळला. मधली दांडी उडाली.

गाव ओरडलं. सतीशही ओरडला, पण वेगळं. "भेग! भेगंवर पडला! बगा आबा, आशी पट्टी आसती का? पंच सायेब, तुमी सांगा!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. चेंडू कुठे पडला हे पंचाइतकं स्वच्छ कुणालाच दिसत नाही. मी टोपी नीट केली.

तेवढ्यात आबा उठले. "भेगंचं नाव काडू नको. पट्टी मी केलीय, मला ठावं न्हाई व्हय? तिथं माती लोखंडावानी हाय. पट्टीनं काय केलं न्हाई. बॉल ह्या मानसाच्या बोटानं वळला. दुसऱ्या कुनाला जमनार न्हाई."

"काय म्हणाले?" लेथब्रिजने विचारलं. मी सांगितलं.

"पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं. तो सतीशच्या टोकाला गेला आणि पडलेली दांडी उचलून जागेवर ठोकली. मग टोपी डोळ्यांवर ओढून म्हणाला, "कप्तान, पट्टी मातीचीच ठेवा. उसळी खरी आहे. भेगा दोन दिवसांत बुजवून देतो, कशा बुजवायच्या ते शिकवूनही जातो."

सतीशने दोन मिनिटं तोंड पाडलं, आणि मग दिलेल्या शब्दाप्रमाणे सिमेंट शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या ओट्याकडे पाठवलं. दुपारी आबांच्या शेतात गोवऱ्यांच्या आरात हुरडा (ज्वारीची कोवळी कणसं) भाजला. लेथब्रिजने लसणाची चटणी लाडू समजून एका घासात संपवली आणि पुढची पंधरा मिनिटं तो कुठल्याच भाषेत बोलला नाही. आम्ही मुक्कामाला आबांकडेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे म्हातारे चाळलेली माती आणि शेणाची पाटी घेऊन पट्टीवर आले. भेगा बऱ्याच होत्या, पण दोघे एक शब्द न बोलता सरळ एका जागी गेले आणि तिथे शेजारी शेजारी बसले. ऑफच्या बाहेर, कालचा चेंडू पडला होता तिथे. भेग चांगली बोटभर रुंद होती.

तिसऱ्या दिवशी परभणीला परतताना सतीशने पुढे तिघांना कोंबलं. बोरी मागे पडल्यावर लेथब्रिज म्हणाला, "तुम्ही पाहिलं होतं."

"हो."

"गंगाधरनेही पाहिलं होतं. मला तर हातातून सुटतानाच कळलं." त्याने खिशातला चेंडू काढून बोटांत फिरवला. "माझा बाप फार प्रामाणिक माणूस होता. मला त्याच्याकडून एवढंच एक खोटं हवं होतं."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, भेटला का तुमचा ऑफस्पिनर? मी तिला सगळं सांगितलं आणि सदर लिहायला बसलो. भेगेची गोष्ट वाचकहो, तुमच्या-माझ्यात ठेवा. बोरीत किंवा सेंट व्हिन्सेंटात कुणी विचारलंच, तर मी त्या सामन्याचा पंच होतो आणि माझा निर्णय असा आहे: पट्टीत काही नव्हतं, चेंडू बोटानेच वळला.