फोनवर कळलेला भिकन

भिकन वारल्याची बातमी आली तेव्हा ऑफिस सांभाळणाऱ्या मनालीने सावळीरामला विचारलं, "काका, तुमची चांगली ओळख होती ना त्यांच्याशी? दोन शब्द बोलाल?" सावळीराम 'हो' म्हणून बसला, पण उभा राहिल्यावर त्याला भिकनच्या दोनच गोष्टी सांगता आल्या. गाव सटाण्याकडचं, बायको केव्हाच गेलेली. याउप्पर त्याला काय ठाऊक होतं? भिकन जेवतो कुठे, घरी त्याची वाट बघणारं कुणी आहे का, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. जे कळलं ते परक्या माणसांच्या तोंडून, तेही फोनवर.

गंगापूर रोडवरच्या त्या सल्लागार कंपनीचं काम पाहणीचं. कुणा खतवाल्याला, कुणा बियाणेवाल्याला लोकांचं मत हवं असायचं; ते गोळा करून अहवाल द्यायचा. भिकन टॅब घेऊन खेडोपाडी हिंडायचा, दर हंगामाला त्याच त्या घरांत जायचा. कारकुनीतून निवृत्त झालेला सावळीराम मागाहून त्याच घरांना फोन लावायचा. आमचा माणूस आला होता का? सगळं विचारलं का? आणि शेवटी, कामाशिवाय तो तुमच्याकडे येतो का? येत असेल तर त्या घराची उत्तरं बाद. घरोबा झाला की माणूस समोरच्याला बरं वाटेल तेच बोलतो, असं कंपनीचं म्हणणं.

"आला होता बिचारा, एवढ्या उन्हात," लोक सांगत. "चहा घे म्हटलं तर नको म्हणाला." कुणी म्हणे, "लय हळू बोलतो तुमचा माणूस." सावळीरामला हे ऐकायची गोडी लागली होती. संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरल्यावर त्याच्याशी बोलायला भिंतींशिवाय कुणी नसे. भिकन ऑफिसात आला की दोघं एकमेकांकडे बघून हसत, आणि तेवढ्यावरच भागे.

एका दुपारी हरसूलच्या बयाबाईला फोन लागला.

"आला होता ना! आमचा भिकनच ना?"

"आई, कामाशिवाय कधी येतात का ते?"

"म्हंजे काय! दर बाजाराला येतो. भाकर खातो, ओट्यावर घडीभर आडवा होतो. माझा बहिरू पोटचा, पण तो नाय येत एवढा."

फोन रेकॉर्ड होत होता. सावळीरामने वाट काढून पाहिली, "म्हणजे कामाचंच काही विचारायला येत असतील."

"कसलं काम? काम कवाच झालं त्याचं!" म्हातारी हसली. "उगंच येतो. लय गुणाचा हाय. साहेबाला सांगा, पगार वाढवा म्हणावं त्याचा."

मनालीने रेकॉर्डिंग ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "वाईट मलाही वाटतं हो काका. पण पैसे देणाऱ्याला काय सांगू? भिकनना वणीकडे टाकते. मात्र त्या घरी पुन्हा जायचं नाही. गेले, तर काम सुटलं."

भिकनला बोलावून तिने सांगितलं. तो मान हलवून बाहेर आला. जिन्यात सावळीराम उभा होता. ती त्यांची शेवटची गाठ.

"बयाबाईनं सांगितलं ना?" भिकनने विचारलं.

"कौतुक करत होती तुमचं."

"करणारच. तिला जपून बोलायची सवय नाय." तो थोडा हसला. "तिच्यापाशी काही बोलू नका, काका. पुन्हा फोन लागला तर म्हणा, बदली झाली."

"सांगतो." सावळीराम घुटमळला. "राग आला असेल माझा."

"तुमचा कशाला? तुम्ही विचारलं, तिनं सांगितलं. मी तरी दुसरं काय करतो?"

रविवारी माझ्याकडे जेवायला या, असं म्हणावंसं सावळीरामला वाटलं. कुकरमध्ये दोघांचा भात सहज झाला असता. पण आपण असं एकदम बोलावलं तर याला काय वाटेल, कीव करतो असं वाटेल का, या विचारात वाक्य ओठांवरच अडलं. भिकन दोन पायऱ्या उतरलासुद्धा.

"वणीला सकाळी गाडी मिळते का?" सावळीरामने विचारलं.

"मिळते की. गाड्यांना काय तोटा?"

"पाणी घ्या बरोबर. ऊन फार आहे."

"घेतो. येतो, काका."

"या."